निळू फुले यांच्यावरचा माहितीपट: आमचे ४२ मिनिटांचे संकलन कुठे फसले?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे नागपूरकर गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून निळू फुले यांच्या अभिनयावर एक माहितीपट जुळवत आहोत. सगळा कारभार पदरमोडीचा आहे. संकलनाची बाजू माझ्याकडे असल्यामुळे जे फसले त्याचा मोठा वाटाही माझाच आहे. गेल्या रविवारी धरमपेठेत एका मैत्रिणीच्या घरी आम्ही ४२ मिनिटांचे कच्चे संकलन पंधरा-वीस जणांना दाखवले आणि ते सपशेल पडले. म्हणून हा धागा.

सुरुवात आम्ही अशी केली होती: सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर अकरा जणांना थांबवून ‘निळू फुले म्हटले की काय आठवते?’ असे विचारले. अकराही जणांनी ओठ पुढे काढून, मान तिरकी करून ‘बाई, वाड्यावर या’ म्हणून दाखवले. त्यात एक कॉलेजची मुलगीही होती. चित्रीकरणाच्या वेळी आम्हाला वाटले, हाती घबाड लागले. दिवाणखान्यातली मंडळीही खळखळून हसली. मात्र त्यानंतरची अडतीस मिनिटे ती पुढच्या हशाची वाट पाहत राहिली. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेतल्या त्यांच्या दिवसांचा भाग सुरू झाला तेव्हा पुढे बसलेले एक काका चहाचे काय झाले ते पाहायला आत गेले, ते परतलेच नाहीत.

उत्तरार्ध तर याहून वाईट होता. सहा जाणकारांशी आम्ही बोललो होतो आणि सहाही जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली की, पडद्यावर हा माणूस दुष्ट होता, पण प्रत्यक्षात अतिशय सज्जन होता. प्रत्येकाच्या वाक्याच्या मधोमध तो ‘पण’ उभा होता. संकलन करताना तो मला ऐकू आला नाही, लोकांच्या मध्ये बसल्यावर सहाही वेळा ऐकू आला.

आता मूळ मुद्दा. माझी आई भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे आणि लहानपणी तिने टूरिंग टॉकीजमध्ये जमिनीवर बसून सिनेमे पाहिलेले आहेत. मी घरी ‘सामना’ चित्रपटातले तुकडे निवडत होते आणि ती शेजारी परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. पडद्यावर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर बोलत होता आणि निळूभाऊंचा हिंदुराव नुसता ऐकत होता. आईचा हात परातीतच थांबला. ती म्हणाली, ‘हा बोलत नाही ना, तवाच जास्त भेव लागते.’ मी मागे जाऊन पाहिले, तर गती वाढवण्याच्या नादात आमच्या संकलनातून नेमके ते ऐकणेच मी कापून टाकले होते. मास्तरचे वाक्य, त्यावर लगेच हिंदुरावचे वाक्य, अशी मी त्याची प्रश्नोत्तरे करून ठेवली होती.

तर तुम्हाला विचारायचे ते हे की, नटाचे आयुष्य आणि काम दाखवणारा माहितीपट कुठून सुरू करावा? आणि त्या ‘वाड्या’चे काय करावे?

तर्रीपोहे

वाडा काढू नका. लोक ज्या दारातून येतात ते दार बंद करून खिडकीतून या म्हणण्यात काय हशील आहे? माझ्या पिढीला निळूभाऊ ठाऊक झाले ते नकलांमधूनच. ती ओळख उथळ असेल, पण आहे. काकांचा चहा मात्र मनापासून पटला.

जुनी शुक्रवारी

वैनगंगाताई, तुम्ही सेवा दलाचा भाग मधेच टाकलात म्हणून तो परिच्छेद वाचून दाखवल्यासारखा झाला असणार. माझ्या मते तोच आधी यायला हवा, तोही चळवळीचा इतिहास म्हणून नाही तर अभिनयाची शाळा म्हणून.

निळूभाऊंचा जन्म १९३० चा, पुण्याचा. ऐन तारुण्यात ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरीला होते. पगार महिना ८० रुपये, त्यातले १० रुपये ते सेवा दलाला देत, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. स्वतःची रोपवाटिका काढण्याची त्यांची इच्छा पैशांअभावी राहून गेली. पुढे सेवा दलाच्या कलापथकात, म्हणजे गावोगाव लोकनाट्ये करणाऱ्या चमूत, त्यांनी वगनाट्ये केली आणि १९५७ च्या निवडणुकीच्या वातावरणात ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. राम नगरकर, दादा कोंडके हीदेखील त्याच कलापथकाच्या मुशीतली माणसे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने निळूभाऊंचे नाव महाराष्ट्रभर झाले आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते चित्रपटात आले. म्हणजे पडद्यावर आले तेव्हा त्यांचे वय जवळजवळ अडतीस होते. ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. विशी-पंचविशीतल्या नटाला चेहरा असतो, अडतिसाव्या वर्षी आलेल्या नटाला पाहिलेली माणसे असतात.

कलापथकात काम करणाऱ्याला गावोगाव जावे लागते. ज्याच्या विरोधात वग रचलेला आहे तो गावचा पुढारी पुष्कळदा पहिल्या रांगेतच बसलेला असतो. खुर्चीत तो कसा रेलतो, विनोद झाल्यावर आधी कुणाकडे पाहून मग हसतो, हे कलापथकातल्या पोराला रोज दोन तास विनामूल्य पाहायला मिळते. निळूभाऊंचे पाटील, सरपंच आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष इतके अस्सल का वाटतात, याचे उत्तर मला तिथे दिसते. ज्यांच्याशी आयुष्यभर वैचारिक भांडण केले, त्यांनाच ते बारकाईने पाहत होते. त्यामुळे तुमच्या सहा जाणकारांच्या वाक्यातला तो ‘पण’ मुळातच चुकीचा आहे. तिथे ‘म्हणून’ हवा.

वैनगंगा

हा ‘म्हणून’ मी वहीत लिहून ठेवला आहे. दादा, याआधी कुठे होतात तुम्ही?

निवृत्त बातमीदार

मी पस्तीस वर्षे नागपुरात बातमीदारी केली, त्यामुळे ‘सिंहासन’ या राजकारणावरच्या चित्रपटाबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

आमच्याकडे डिसेंबर आला की विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येते. सिव्हिल लाइन्समधले रस्ते अडतात, आमदार निवासासमोर गाड्यांची रांग लागते, मुंबईचे पत्रकार ‘सुयोग’ या पत्रकारांच्या निवासस्थानी उतरतात आणि आम्ही स्थानिक मंडळी थंडीत कानाला मफलर गुंडाळून त्यांच्या आणि मंत्र्यांच्या मध्ये घुटमळत राहतो. त्या दिवसांत बातमी सभागृहात फारशी मिळत नसे. ती मिळे जिन्यावर, चहाच्या टपरीवर, एखाद्या बंगल्याच्या व्हरांड्यात, जिथे आपण उभे आहोत याचा बोलणाऱ्याला विसर पडलेला असतो तिथे. बातमीदाराचे पहिले कौशल्य लिहिणे नव्हे, स्वतःचा विसर पाडणे हे आहे.

‘सिंहासन’मध्ये निळू फुले यांनी केलेला दिगू टिपणीस हा नेमका असा माणूस आहे. आधीच्या चित्रपटांत ज्याला पाहून बाया पदर सावरत, तोच नट इथे खांद्यावर पिशवी अडकवून मुख्यमंत्र्यांपासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या दारात जातो आणि कुणालाच त्याची अडचण होत नाही. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा हे सगळे बोलतात आणि दिगू ऐकतो. तुमच्या मातोश्रींनी हिंदुरावच्या बाबतीत जे टिपले तेच इथे उलट्या दिशेने घडते. हिंदुराव ऐकतो तेव्हा समोरच्याला भीती वाटते, दिगू ऐकतो तेव्हा समोरचा मोकळा होतो. ऐकणारा चेहरा एकच, डोळे तेच किलकिले, ओठ तेच मिटलेले. फरक मानेत आहे. हिंदुरावची मान मागे रेललेली असते, दिगूची थोडी पुढे आलेली. बातमीदाराची मान तशी असते. रोज सकाळी आरशात पाहतो, म्हणून खात्रीने सांगतो.

आणि हे सगळे ऐकून ऐकून शेवटी दिगू भ्रमिष्ट होतो. ज्याने चित्रपटभर आवाज चढवला नाही त्याचे ते हसणे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नोकरीत नवा होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडून सायकल लावली होती ती जागा मला बराच वेळ सापडत नव्हती.

विदर्भाचा म्हणून आणखी एक धागा तुमच्या हाती देतो. हा चित्रपट ज्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, त्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे अरुण साधू मूळचे अमरावती जिल्ह्यातले. चित्रपटातले ‘उषःकाल होता होता’ हे गीत सुरेश भटांचे, जे अमरावतीत जन्मले आणि नागपुरात वारले. मंत्रालयातल्या सत्तेची गोष्ट आणि तिच्यावरचा विषाद, दोन्ही गोष्टी मुंबईला वऱ्हाडातून गेल्या आहेत. माहितीपट नागपुरात बनतो आहे तर त्याने हे जरूर सांगावे. मात्र ‘आमचा माणूस, आमचा माणूस’ असा गजर करू नये, निळूभाऊ पुण्याचेच राहू द्यावेत.

झाडीबोली

बातमीदार साहेबांच्या मानेच्या निरीक्षणाला दाद देऊन एक वेगळी बाजू मांडतो. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज वडसा भागातला, आता नोकरीनिमित्त नागपुरात आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे थोडेफार लक्ष गेले.

तिथे खलनायकाला मिळणारी दाद म्हणजे शिव्या. बाया पदराआडून बोटे मोडतात, एखादी म्हातारी उठून उभी राहते. शिव्या पडल्या नाहीत तर त्या रात्री आपले काम पडले असे नट समजतो. निळूभाऊंबद्दलही, त्यांना प्रत्यक्ष पाहिल्यावर गावोगावच्या बाया घाबरत, तोंड फिरवत, असे किस्से सगळीकडे सांगितले जातात, आणि ते सांगताना आपण खेड्यातल्या बायांच्या भाबडेपणाला हसतो. मला ते हसणे खटकते. माझ्या आजीला सिनेमा खोटा असतो हे चांगले कळत होते. तिला हेही कळत होते की पडद्यावरचा माणूस खोटा असला तरी तो बसतो ती माडी खोटी नाही. तशी माडी आमच्याही गावात होती आणि तिथून येणारा निरोपही ठाऊक होता. ती नटाला शिव्या देत नव्हती. ज्याला तोंडावर देता येत नव्हत्या त्याच्या वाट्याच्या शिव्या अंधारात बसून मोकळ्या करत होती.

तुमच्या माहितीपटात बाया बोलतात का? सहा जाणकारांपैकी किती बाया होत्या?

वैनगंगा

एकही नव्हती. लाज वाटते आहे, पण उत्तर हेच आहे.

अंबाझरी

इतका वेळ नुसते वाचत होते. आता जरा कडू लिहिते, राग मानू नये.

निळू फुले यांनी मराठी-हिंदी मिळून सुमारे २५० चित्रपटांत काम केले. त्यातले आपण इथे किती बोललो? ‘सामना’, ‘सिंहासन’, फार तर ‘एक गाव बारा भानगडी’. उरलेल्यांपैकी कित्येक चित्रपट असे आहेत की ज्यात एका बाईची अब्रू घेणे किंवा घेण्याचा प्रयत्न करणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले. तो साचा त्यांनी तयार केला नसेल, पण तो विकला गेला त्यांच्या चेहऱ्यावर. तीच लकब, तेच तिरके पाहणे, तीच सावज हेरणारी नजर. यातला अभिनय उत्तम असेल, तरी कॅमेरा त्या वेळी बाईकडे कसा पाहत होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या कारकिर्दीचे चित्र पूर्ण होईल असे मला वाटत नाही. सीताबर्डीवरच्या त्या मुलीने ‘वाड्यावर या’ हसत हसत म्हटले, कारण नकलांनी त्यातली धमकी काढून घेऊन तिचा विनोद केला. झाडीबोलींच्या आजीला ते वाक्य विनोदी वाटले नसते.

म्हणून माझे म्हणणे तर्रीपोहे यांच्याही विरुद्ध आहे आणि थोडेसे वैनगंगाताईंच्याही. वाडा ठेवा, पण सुरुवातीला नको. सगळे पाहून झाल्यावर, भीती काय होती ते कळल्यावर, त्या अकरा जणांना दाखवा. मग कोण हसते ते पाहू.

तर्रीपोहे

माघार. हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

जुनी शुक्रवारी

अंबाझरीताईंचा आक्षेप रास्त आहे. साचेबंद भूमिका झाल्या, ढिगाने झाल्या, हिंदीत तर बरेचदा त्यांच्या वाट्याला ओळखीचे काम आले. त्यातही महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधला (१९८४) पुढारी गजानन चित्रे मला वेगळा वाटतो. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात पाय पसरून बसणारी सत्ता त्यांनी तिथे दाखवली. त्यासाठी त्यांना वाडा लागला नाही, धोतर-फेटाही लागला नाही.

मात्र बाईवर हुकूमत गाजवणारा पुरुष त्यांनी आतून उघडा करून दाखवला तो रंगभूमीवर. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणले. सखाराम निळूभाऊ, चंपा लालन सारंग. नवऱ्यांनी टाकलेल्या बाया घरी आणून ठेवणारा आणि त्याबद्दल स्वतःला प्रामाणिक समजणारा हा पुरुष आहे. सेन्सॉरने अडवले, गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले. चित्रपटातले पाटील लबाडी लपवतात. सखाराम काहीच लपवत नाही आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, अंगावर येतो. अंबाझरीताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या नटाने स्वतः शोधलेले कुठे दिसते असे कुणी विचारले तर मी सखारामकडे बोट दाखवीन.

अडचण अशी की नाटक हातात राहत नाही. छायाचित्रे आणि आठवणी, एवढ्यावर ते उभे करावे लागेल.

रीळवाला

मी चित्रपट वितरणात काम केले आहे, म्हणून चार रुक्ष गोष्टी सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. ‘एक गाव बारा भानगडी’ १९६८ चा धरला तरी तो २०२८ च्या अखेरीपर्यंत मोकळा होत नाही, बाकीचे तर त्याहून नंतरचे. समीक्षेसाठी छोटा अंश वापरण्याची मुभा कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर चार-चार मिनिटांचे प्रसंग लावू नका. लेखी परवानगी घ्या आणि ती घेताना कुठे दाखवणार तेही लिहा. दिवाणखाना, महोत्सव आणि इंटरनेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे दर वेगळे असतात.

दुसरे असे की, इंटरनेटवर सापडणाऱ्या प्रतींवर विसंबू नका. कडेची चौकट कापलेली असते, कित्येकदा वाहिनीवर दाखवताना प्रसंगही छाटलेले असतात. तुम्हाला ऐकणारा चेहरा हवा आहे आणि तो पुष्कळदा चौकटीच्या कडेला असतो, म्हणजे कापला जातो तो नेमका तोच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रीतसर अर्ज करा. वेळ लागेल, चिकाटी ठेवा.

तिसरे, ध्वनी. त्या आवाजातला खर्ज लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. संकलन करताना निदान बरा हेडफोन लावा. शब्द संपल्यावर त्यांच्या घशात जी खरखर उरते, ती तुम्ही आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात पुसली असेल, अशी मला दाट शंका आहे.

वैनगंगा

शंका खरी आहे. पुसली होती. ‘नॉइज’ म्हणून.

निवृत्त बातमीदार

एक राहिले. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांची जोडी नुसती ‘सामना’पुरती नव्हती. एक कान-नाक-घशाचा शल्यविशारद, एक माळीकाम केलेला माणूस, आणि दोघेही सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरले, चळवळीत पूर्ण वेळ देणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही दोघे होते. हे तुमच्या ‘सज्जन माणूस’ या प्रकरणात घालू नका. ‘सामना’तला मास्तर आणि हिंदुराव समोरासमोर बसतात त्या प्रसंगाच्या शेजारी ठेवा. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न पडद्यावर विचारणारा आणि तो ज्याला विचारला जातो तो, दोघेही पडद्याबाहेर हाच प्रश्न विचारत फिरत होते. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, ही नोंद मात्र एका ओळीत उरका. पुरस्कारांची यादी सुरू झाली की माहितीपटाचा सत्कार समारंभ होतो.

वैनगंगा

सगळ्यांचे आभार. कालपासून मी संकलन मोडून पुन्हा जुळवायला घेतले आहे. आतापर्यंत झालेले असे:

पहिला प्रसंग ‘सामना’तलाच, पण आता मास्तरचे बोलणे पूर्ण चालते आणि चित्र हिंदुरावच्या चेहऱ्यावर राहते. मी एकही जागा कापलेली नाही. आवाजातली खरखर परत आणली आहे. त्यावर निवेदन नाही, नावही नाही. त्यानंतर कलापथक. सहा जाणकारांपैकी चौघांना मी काढले आहे, त्यांना फोन करून सांगण्याचे काम मात्र अजून व्हायचे आहे आणि त्यातले एक माझे सख्खे मामा आहेत. सखारामचा भाग नुसत्या छायाचित्रांवर कसा उभा करायचा ते अजून सुचलेले नाही.

अकरा जण शेवटी गेले आहेत.

झाडीबोली दादा, तुमच्या गावाकडे येत्या हंगामात आम्हाला दोन दिवस येता येईल का? नाटकाचे चित्रीकरण करायचे नाही, समोर बसलेल्या बायांशी बोलायचे आहे, त्यांनी होकार दिला तर. आईलाही सोबत आणीन म्हणते. कॅमेऱ्यासमोर बसशील का असे तिला विचारले, तर म्हणाली, ‘मले काय विचारतेस, त्याले पाय (पाहा) ना नीट.’ आणि परात घेऊन आत गेली.

झाडीबोली

अवश्य या. राहण्याची सोय आमच्या घरी होईल. मंडईच्या तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोपातून कळवतो. थंडी फार असते, रात्रभर बसायचे तर घोंगडी आणा.